ब्रँडेड संगणक घ्यावा की असेंबल्ड? – आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डेल, एचपी, लेनोव्हो यांचे तयार डेस्कटॉप आणि सुटे भाग जोडून तयार केलेले असेंबल्ड संगणक हे दोन्ही आम्ही विकतो. किंमत विचारण्याआधी ग्राहकाने एक गोष्ट ठरवावी, असा आमचा आग्रह असतो : यंत्र बंद पडल्यास ते कोण, कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त करून देणार आहे?

ब्रँडेड संगणकात संपूर्ण यंत्राची जबाबदारी एकाच कंपनीवर असते आणि व्यावसायिक वापराच्या मॉडेलांना बहुधा जागेवर येऊन दुरुस्तीची सोय मिळते. ही सोय आपल्या तालुक्याच्या गावी लागू आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे. मात्र अनेक मॉडेलांत मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) व एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) कंपनीच्या खास मापाचे असल्याने वॉरंटी संपल्यावर बाजारातील साधा एसएमपीएस त्यांना बसत नाही आणि दुरुस्ती महाग पडते.

असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते. म्हणूनच मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) व एसएमपीएस यांची कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावेत. नुसते ‘संगणक संच, १ नग’ असे बिल वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडत नाही. स्वस्त कोटेशनमध्ये काटकसर बहुधा एसएमपीएसवर केलेली असते, आणि हलका एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्डही सोबत नेतो, त्यामुळे येथे पैसे वाचवू नयेत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

‘अगदी स्वस्तात कोअर आय-७’ (इंटेल कंपनीचा प्रोसेसर) अशा जाहिरातींबाबत विशेष सावध राहावे. त्यात पुष्कळदा २०१२-१३ च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर असतो. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची सोय) व इंटेलचा साधारण आठव्या किंवा पुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. तेव्हा ‘आय-५ की आय-७’ यापेक्षा ‘कितवी पिढी’ हे आधी विचारावे. विंडोजचा अधिकृत परवाना किमतीत धरला आहे का, हेही पाहावे. ब्रँडेड संगणकात तो बहुधा असतो, असेंबल्ड संगणकाच्या कोटेशनमध्ये अनेकदा नसतो, आणि तेवढ्यामुळेच दोन किमतींत मोठा फरक दिसतो.

पतसंस्था, करसल्लागाराचे कार्यालय, औषधांचे दुकान अशा ठिकाणी, जेथे एक दिवस काम थांबणेही परवडत नाही, तेथे आम्ही तीन वर्षांच्या जागेवरील वॉरंटीसह ब्रँडेड संगणक सुचवतो. फ्लेक्स डिझाइन, फोटो स्टुडिओ किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी असेंबल्ड संगणक अधिक योग्य ठरतो, कारण ग्राफिक्स कार्ड आणि रॅम कामानुसार निवडता व पुढे वाढवता येतात. घरातील विद्यार्थ्यासाठी दोन्ही चालतात.

जीएसटी दोन्हींवर १८ टक्के आहे. नोंदणीकृत व्यावसायिकांनी आपला जीएसटी क्रमांक बिलावर घालून घ्यावा. वॉरंटीत एसएसडी बदलून मिळते, पण तिच्यातील हिशेब व फोटो परत मिळत नाहीत, म्हणून त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी; ती डिस्क कशी वापरायची, हे आम्ही संगणक बसवतानाच दाखवून देतो.