सूतिकापरिचर्या

प्रसूतीनंतर शरीराची झीज भरून यावी आणि स्त्रीने आईपणाच्या नव्या अवस्थेत सावकाश स्थिरावावे, यासाठी ठरावीक काळ केले जाणारे अभ्यंग, शेक, स्नान, पोट बांधणे, पथ्य व विश्रांती यांचा एकत्रित उपचार. यातील बाह्य उपचारांना मराठीत ‘शेकशेगडी’ म्हणतात. ‘बाळंतपण’ हा शब्द प्रसूतीसाठी वापरला जात असला, तरी ‘आईने लेकीचे बाळंतपण केले’ या प्रयोगात तो या परिचर्येचाच वाचक आहे.

आयुर्वेदातील चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ८) सूतिकेचे (बाळंतिणीचे) रोग बरे होण्यास कठीण वा असाध्य का असतात, याचे कारण दिले आहे : गर्भाच्या वाढीमुळे सर्व धातू (रस, रक्त, मांस इ. शरीरघटक) शिथिल झालेले असतात आणि कळा, क्लेद (द्रवस्राव) व रक्तस्राव यांमुळे ती ‘शून्यशरीर’ झालेली असते. रित्या झालेल्या जागेत वायूचा प्रकोप होऊ नये, या एका सूत्राभोवती पुढील सर्व उपचार गुंफलेले आहेत. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक व सुंठ यांच्या चूर्णासह स्नेहपान (तूप-तेल पिणे), पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या वस्त्राने वेष्टणे, दोन्ही वेळा ऊन पाण्याचे परिषेचन (अंगावर धार सोडणे) आणि पातळ यवागू (पेज) असा क्रम तेथे पाच किंवा सात रात्रींसाठी सांगितला असून त्यानंतर शरीर क्रमाक्रमाने पुष्ट करावयाचे असते. सुश्रुताने बला या वनस्पतीच्या तेलाचा अभ्यंग व वातघ्न (वायू शमवणारे) काढे सांगितले आहेत.

परिचर्येच्या मुदतीविषयी मात्र एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेनुसार दीड महिन्यानंतर स्त्रीचे ‘सूतिका’ हे अभिधान संपते. पण लगेच ‘पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत (पाळी येईपर्यंत), असे काही म्हणतात’ अशी पुस्तीही जोडलेली आहे. अष्टांगहृदयातही दीड महिना आणि पुनरार्तव या दोन्हींचा उल्लेख येतो. काश्यपसंहितेच्या आधारे सहा महिन्यांची मुदतही सांगितली जाते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची पाळी कित्येक महिने लांबते, हे ध्यानात घेतल्यास या सहा महिन्यांच्या मुदतीचे मूळ ऋतुदर्शनाच्या मतात असावे, असे मानण्यास जागा आहे. तथापि या ग्रंथाची नेपाळात मिळालेली प्रत खंडित आहे, पंडित हेमराज शर्मा यांच्या संपादनाने ती १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वात्स्य नावाच्या आचार्याने ग्रंथावर पुढे संस्कार (पुनःसंपादन) केल्याचे ग्रंथातच नमूद आहे. त्यामुळे त्यातील वचनांवरून कालनिश्चिती करताना सावधगिरी आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात रूढ असलेला ‘सव्वा महिना’ म्हणजे ३७-३८ दिवस, यांपैकी कोणत्याच मुदतीशी जुळत नाही. वैद्यकातील दीड महिना लोकव्यवहारात आखडला, असे एक स्पष्टीकरण संभवते. धर्मशास्त्रातील निबंधांत (संकलनग्रंथांत) मात्र सोयराच्या (जन्मामुळे पाळावयाच्या अशौचाच्या) दहा दिवसांनंतरही पुत्रवतीस वीस दिवसांनी व कन्या झालेल्या स्त्रीस महिन्याने धर्मकृत्यांचा अधिकार सांगितला आहे. सव्वा महिन्याचा शेवट देवदर्शनाने व ओटी भरून होतो, हे पाहता शरीराची आणि अशौचाची अशा दोन गणना येथे एकमेकींत मिसळल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आधुनिक प्रसूतिशास्त्र सूतिकाकाल सहा आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा मानते.

प्रत्यक्ष उपचारात मालीश करणारी बाई कोमट तेलाने पायांपासून कंबर-पाठीकडे अंग चोळते. नंतर बंबातील कढत पाणी विसणून तांब्याची धार कंबरेवर धरली जाते. न्हाण्यानंतर कानांत कापूस, डोक्याला रुमाल व पोटाला पट्टा बांधून बाळंतीण सुंभाच्या बाजेवर निजते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून तीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकतात. विणीच्या फटींतून ऊब आणि धुरी दोन्ही वर येतात. खुराकात डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेथी, सुंठ आणि जेवणानंतर ओवा घातलेला विडा असतो. शेपूच्या बियांना बाळंतशेपा हे नावच या उपयोगावरून पडले.

मनाच्या अवस्थेसंबंधी संहितांतील सूतिकाप्रकरणे फारसे बोलत नाहीत. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अनेकींना अकारण रडू येते व ते साधारणतः दोन आठवड्यांत ओसरते. दुसऱ्याच्या हाताचा रोजचा उबदार स्पर्श, माहेरचे घर आणि कामातून सुटका यांचा या काळात आधार होतो. ही उदासी त्यापुढे टिकल्यास मात्र ती प्रसूतिपश्चात नैराश्याची सूचना असू शकते आणि वैद्यकीय उपचार आवश्यक ठरतात.

बंद खोलीतील शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा व भाजणे यांचा धोका असतो. धूर अर्भकाच्या श्वसनालाही अपायकारक आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास जखम भरेपर्यंत पोटावर मालीश करीत नाहीत. शहरांत शेगडीची जागा बहुधा गरम पाण्याच्या पिशवीने घेतली असून मालीशवाली बाई मात्र अद्याप घरोघरी येते.