मारुतीच्या कमरेला पाणी, पडद्यावर शून्य

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर एकमेकांना क्युसेकचे आकडे सांगत बसत नाही. "मारुतीच्या कमरेला लागलं" म्हटलं की भागतं. रामकुंडाजवळ नदीत उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच आमची पूरपट्टी. कमर म्हणजे किती, छाती म्हणजे किती, भांडी बाजारातला माल कधी वर न्यायचा, हा हिशेब डोक्यात आपोआप होतो.

हेच काम वेबपानाकडून करून घ्यावं म्हणून मी गेल्या पावसाळ्यात घरच्यांपुरतं एक पान बनवलं. त्यात 'पूरपट्टी' नावाचा कंपोनंट, म्हणजे पानाचा एक स्वतंत्र तुकडा. त्याला 'विसर्ग' हे ॲट्रिब्यूट, म्हणजे नावासकट एक मूल्य, द्यायचं, की मारुतीच्या चित्राशेजारी निळी पट्टी तेवढी वर चढणार. आकडे भाचा हाताने भरायचा. एका दुपारी त्याने रकाना कोराच सोडला. बाहेर धो-धो पाऊस, आणि पानावर हिरव्या अक्षरांत "० क्युसेक, नदी शांत".

भाच्याला बोलण्यात अर्थ नव्हता, चूक माझी होती. एचटीएमएलमधलं, म्हणजे पान ज्या भाषेत मांडतात तिच्यातलं, ॲट्रिब्यूट कायम मजकूर असतं. अवतरणात बारा हजार लिहिले तरी ब्राउझरला ती नुसती चिन्हांची रांग दिसते. तिचा आकडा करायचं काम कंपोनंट लिहिणाऱ्याचं, आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंग भाषेची त्यातली मदत फार उदार आहे. 'नंबर' हे फंक्शन कोऱ्या मजकुराचं शून्य करतं. ॲट्रिब्यूट मुळात दिलंच नसेल, तरी त्याच्या हाती शून्यच येतं. "ठाऊक नाही" आणि "पाणी नाही" यांतला फरक तिथेच पुसला जातो.

बारा हजार आपण स्वल्पविराम देऊन लिहितो. तो मजकूर 'पार्सइंट' या दुसऱ्या फंक्शनला दिला तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १२ हातावर ठेवतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. बारा हजारांच्या जागी बारा म्हणजे नदीचा ओहोळ झाला. 'नंबर'ला तोच मजकूर दिला तर 'नॅन' मिळतं, म्हणजे 'हा आकडा नव्हे'. (त्याचा प्रकार विचारलात तर उत्तर येतं 'नंबर', म्हणजे आकडाच! असो.) देवनागरी आकडे तर दोघांनाही वाचता येत नाहीत.

नॅन मिळालं म्हणजे चूक सापडली, असं मला वाटायचं. पण नॅन कशाहूनही मोठं नसतं आणि लहानही नसतं. "विसर्ग दहा हजारांवर गेला तर इशारा दे" ही अट खोटी ठरते आणि इशारा येतच नाही. पट्टीची उंची 'नॅन पिक्सेल' ठरवली तर ब्राउझर ती सूचना गुपचूप टाकून देतो आणि पट्टी आधीच्याच उंचीवर राहते. सकाळचं पाणी संध्याकाळी दिसत राहतं.

ब्राउझरची ही सवय सगळीकडे वाईट नाही. 'कॅनव्हास' या पानावरच्या चित्रचौकटीच्या रुंदीत कुणी भलतंच काही लिहिलं तर तो ३०० पिक्सेल धरून पुढे जातो. चित्राची रुंदी चुकली म्हणून कुणाच्या दुकानात पाणी शिरत नाही.

याच्या अगदी उलटं टोक ४ जून १९९६ रोजी दिसलं. एरियान-५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात एक मोठी संख्या १६ बिटांच्या खणात कोंबायची होती. त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. रूपांतर फसलं, दिशा सांगणारा संगणक बंद पडला, जोडीला ठेवलेलाही त्याच कारणाने बंद पडला आणि साधारण चाळीस सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. ते गणित एरियान-४ मधून उचललेलं होतं, आणि उड्डाणानंतर त्याची गरजही नव्हती. एका मूल्याचं रूपांतर फसलं म्हणून सगळंच कोसळावं, हेही परवडणारं नाही.

म्हणून आता माझ्या कंपोनंटमध्ये रूपांतर एकाच जागी होतं, मजकूर आत शिरतो त्या दारातच. आधी स्वल्पविराम काढतो. देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून (प्रत्येक अक्षराला संगणकात दिलेल्या क्रमांकातून) २४०६ वजा केले की अंक मिळतो, कारण २४०६ हा '०' चा क्रमांक. मग कोरं आहे का, वाचता न येणारं आहे का, उणे आहे का, हे वेगवेगळं तपासतो; यातलं काहीही निघालं तर शून्य दाखवायचं नाही. पट्टी राखाडी होते, खाली "माहिती नाही" आणि शेवटचा खरा आकडा त्याच्या वेळेसह दिसतो. पानावरचं बाकी सगळं चालू राहतं. नेमका कोणता मजकूर आला होता, ते कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या नोंदवहीत, जसंच्या तसं नोंदतो. "चूक झाली" एवढ्यावर दुरुस्ती कशी करणार?

भाच्याने लगेच परीक्षा घेतली. पट्टी राखाडी झाली आणि कन्सोलमध्ये ओळ उमटली: पूरपट्टी, विसर्ग, "कमरेच्या जरा वर", आकडा नाही.