किडनीची गाठ, आधी केमो आणि मग ऑपरेशन: हे असं का ठरलं

नागपूरला मेडिकल, मेयो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, कुठंही लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ बसा. गोंदिया-भंडाऱ्यापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे आईबाप भेटतात, आणि पोराच्या किडनीला गाठ निघाली असली की त्यांचा प्रश्न एकच, "गाठ दिसून राहिली ना, मग काढून काऊन नाही टाकत, आधी केमो कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर पाच मिनिटांच्या ओपीडीत मावत नाही म्हणून इथं लिहितो.

लहान मुलांच्या किडनीत बहुतेक वेळा निघणाऱ्या या कॅन्सरच्या गाठीला विल्म्स ट्यूमर म्हणतात, जर्मन सर्जन मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं तेव्हापासून हे नाव चिकटलं. बहुतेक वेळा आंघोळ घालताना नाहीतर चड्डीचा नाडा बांधताना आईच्याच हाताला पोट टणक लागतं, पोरगं मस्त खेळत असतं, दुखत नसतं. विल्म्सच्या आधीच, १८७७ मध्ये, इंग्लंडात लीड्सला टॉमस जेसप यांनी दोन वर्षांच्या मुलाची अशी किडनी काढली होती. पण त्या काळात ऑपरेशन टेबलावरच किंवा नंतरच्या दिवसांत मुलं जायची, आणि जी वाचायची त्यांच्यातही गाठ परत यायची.

खरा बदल बॉस्टनला झाला. तिथले सर्जन विल्यम लॅड यांनी पोट समोरून मोठं उघडायचं, किडनीच्या रक्तवाहिन्या आधी बांधायच्या आणि गाठ अजिबात न चिरडता अख्खी बाहेर काढायची, ही पद्धत बसवली. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे तीनातलं एक मूल बरं होऊ लागलं. पुढे रॉबर्ट ग्रॉस यांनी ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला सुरुवात केली, मग आकडा निम्म्याजवळ गेला, आणि १९५० च्या दशकात सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन हे केमोचं औषध आणलं तिथून चित्रच पालटलं. आज चांगली सोय असलेल्या देशांत १०० पैकी ९० च्या आसपास मुलं बरी होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गाठ मऊ असते, वरचं आवरण पातळ, सर्जनच्या हातात फुटली की पेशी पोटभर सांडतात. गाठ फुटली की तिथल्या तिथं स्टेज वाढते, ती तिसरी धरतात, म्हणजे पोटाला शेक आणि जास्त कडक औषधं, ज्यातलं एक हृदयालाही त्रास देऊ शकतं. म्हणजे ऑपरेशनमधला अपघात आणि गाठ किती पुढे गेलीय याचा हिशोब, या दोन गोष्टी इथं वेगळ्या राहतच नाहीत, मला वाटतं आईबापांना सगळ्यात आधी हेच समजावून सांगायला पाहिजे. पूर्वी तर अशा मुलाच्या बेडला "पोट दाबू नका" अशी पाटी लावायचे, कारण येणारा प्रत्येक शिकाऊ डॉक्टर गाठ चाचपून बघायचा.

इथून दोन वाटा फुटल्या. अमेरिकेत १९६९ ला या गाठीचा राष्ट्रीय अभ्यास सुरू झाला, त्यांचं म्हणणं आधी गाठ काढून टाका, म्हणजे मूळ गाठ नेमकी कशी आहे ते कळतं. युरोपवाल्यांनी १९७१ पासून उलटं करून पाहिलं, आधी शेक मग ऑपरेशन, आणि फरक मोठा निघाला: थेट ऑपरेशन केलेल्यांत दर तिनामागे एकाची गाठ फुटत होती, आधी शेक दिलेल्यांत १०० मागे ४ च्या आसपास. नंतर शेकाऐवजी केमो देऊन पाहिली तर तीही जवळपास तेवढंच काम करते असं दिसलं. जगण्याचं प्रमाण दोन्ही वाटांनी सारखंच आहे, पण आपल्याकडे मूल येतं तेव्हा गाठ अर्धं पोट व्यापून बसलेली असते, म्हणून भारतात बऱ्याच ठिकाणी चार आठवडे केमो आधी देतात.

अमेरिकेतल्या अभ्यासाने आणखी एक शिकवलं. त्याच्या तिसऱ्या फेरीत जवळपास २० टक्के मुलांना ऑपरेशनचे कॉम्प्लिकेशन झाले, पुढच्या फेरीत ते १३ च्या घरात आले. शेजारचे अवयव गाठीने धरलेत असं वाटून सर्जन तेही काढायचे तिथं त्रास जास्त व्हायचा, आणि नंतर तपासलं तर पुष्कळदा गाठीने ते अवयव फक्त ढकललेले असायचे. दुसरी किडनीसुद्धा तेव्हा पोट उघडून हातानं चाचपावी लागायची, सीटी चांगली झाल्यावर ते थांबलं. आता सोनोग्राफी डॉप्लरवर मोठ्या शिरेत गाठीची गुठळी शिरलीय का तेही आधीच बघतात. लिम्फ नोड, म्हणजे गाठीजवळच्या लसिका ग्रंथी, मात्र आजही काढून तपासायलाच लागतात, ते राहिले तर स्टेज खोटी कमी दिसते आणि औषध कमी पडतं.

कॉम्प्लिकेशनमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो आतड्याला पीळ किंवा अडथळा, आणि हा कधीकधी काही वर्षांनीही येतो, आतल्या आत चिकटल्यामुळे. म्हणून मूल गावी परत गेलं, बरं झालं, शाळेत जाऊन राहिलं, आणि एक दिवस पोट फुगून हिरवी उलटी झाली तर गॅसची गोळी देऊन थांबू नका, लगेच सर्जनकडे न्या आणि ऑपरेशनची जुनी फाईल सोबत घ्या.