जुन्या गोठ्यात हीटर लावायच्या आधी जरा वर बघा

थंडी वाढली की पहिला विचार येतो हीटरचा, पण त्याआधी सकाळी गोठ्यात जाऊन पत्र्याची आतली बाजू बघा. थेंब टपकताहेत? पाऊस नाही, गळती नाही, मग पाणी आलं कुठून, तर गुरांच्या श्वासातून. मोठी दुभती गाय दिवसाला दहा लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ म्हणून सोडते आणि वर हजार वॅटच्या आसपास उष्णता देते, म्हणजे दावणीला एकेक रूम हीटरच बांधलाय म्हणा ना! 20 अंशाच्या एक घनमीटर हवेत साधारण 17 ग्रॅम वाफ मावते, 0 अंशाला जेमतेम 5, त्यामुळे उबदार हवा गार पत्र्याला टेकली की उरलेली वाफ तिथेच पाणी होते.

आता इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, हे असतं काय, तर अडकवून ठेवलेली हवा, बाकी काही नाही. पाणी हवेच्या वीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) एकदा ओलं झालं की ते असून नसल्यासारखंच. त्यात वाफ शिरू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद लावायचा तो उबदार बाजूने, म्हणजे जनावरांकडून, आणि बरेच जण इथेच उलटं करतात. जाड दगडी भिंत उबदार असते हाही गैरसमजच, 5 सेंटीमीटर थर्मोकोल अर्धा मीटर दगडापेक्षा तीन-चार पट तरी जास्त उष्णता अडवतो. सुरुवात मात्र छतापासून करा, गरम हवा वरच जाते.

आणि प्लीज, सगळ्या फटी बुजवू नका. खालून अंगावर येणारा झोत बंद करायचा, वरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर ओल आणि अमोनिया आत कोंडतात आणि वासरांची फुप्फुसं जातात. अंग कोरडं असेल तर मोठी गाय शून्य अंशालाही मजेत असते, तिच्यासाठी हीटर कशाला?

ऊब लागते ती पिल्लांना. डुकराच्या नवजात पिल्लाला 34 अंशांच्या आसपास हवं असतं आणि शेजारच्या त्याच्या आईला 18-20 पुरे, तिला त्याहून जास्त झालं तर ती खाणं कमी करते. मग अख्खी खोली तापवण्यात काय अर्थ आहे, कोपऱ्यात झाकणवाली पेटी आणि आत इन्फ्रारेड दिवा, तो हवेपेक्षा थेट अंग तापवतो. दिवा वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीला टांगा, खाली पेंढा असतो. थर्मोकोलसारखा उघडा फोमही आगीला आमंत्रण, शिवाय उंदीर त्यात घर करतात, म्हणून वरून पत्रा हवाच.

धुराडं नसलेला गॅस हीटर असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा, 1 किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी आतच सुटतं, म्हणजे परत तेच थेंब. आणि थर्मोस्टॅटचा (तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर आपल्या डोळ्यांसमोर नको, पिल्लं झोपतात त्या उंचीवर लावा, पण त्यांचं तोंड पोचणार नाही असा.