गतिबदल नियंत्रण, स्वयंचलित

मोटारगाडीतील गिअर केव्हा व किती हळुवारपणे बदलावा, हे चालकाऐवजी ठरविणारी यंत्रणा. वरचा गिअर लवकर पडल्यास एंजिनाचे फेरे कमी राहून इंधन वाचते. पण चढावर ओढ अपुरी पडते.

उगमाबद्दल मतभेद आहेत. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केंद्रोत्सारी वजनांवर चालणारी गिअरपेटी केली. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जाऊन वरचा गिअर लागे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पेटीचे श्रेय काही लेखक आरारिपे व लेमोस या ब्राझिली अभियंत्यांना देतात (सु. १९३२). तथापि जनरल मोटर्सने १९३७ मध्येच ओल्ड्समोबिल गाड्यांत अर्धस्वयंचलित पेटी बसविली होती. अर्ल टॉम्पसन यांच्या गटाची ‘हायड्रा-मॅटिक’ (१९४० चे मॉडेल) ही तिचीच पुढची पायरी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या पेट्यांत गाडीच्या वेगानुसार वाढणारा तेलाचा दाब झडपेच्या एका टोकावर, तर ॲक्सिलरेटरनुसार वाढणारा दाब दुसऱ्या टोकावर येई. पहिला वरचढ ठरला की वरचा गिअर पडे. म्हणूनच पाय जोरात दाबल्यास बदल उशिरा होतो. उतरता बदल मुद्दाम कमी वेगावर ठेवतात (उदा., चढता ताशी ५० किमी.ला, तर उतरता ४० ला), नाहीतर गिअर सारखा वरखाली होत राहील.

प्रत्यक्ष बदलात एक क्लच सुटत असताना दुसरा भार उचलतो. पहिला लवकर सुटला तर एंजिन मोकळे भिरभिरते. उशिरा सुटला तर दोन्ही एकमेकांना अडवून हिसका बसतो. दुसरा फार सावकाश धरल्यास तबकड्या तापून झिजतात. त्यामुळे आधुनिक नियंत्रक त्या क्षणापुरती ठिणगी उशिरा पाडून एंजिनाचा जोरच उतरवितो. ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’ या पेटीने (१९४८) एंजिनाचा जोर फिरत्या तेलातून पुढे नेऊन नेहमीच्या चालीत गिअर बदलणेच टाळले. सुख मिळाले, पण द्रवातील घसरणीत शक्ती वाया गेली. पॅकार्डने पुढच्याच वर्षी घसरण थांबविणारा क्लच जोडला.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण रेनॉ १६ टीए (१९६९) या गाडीत आढळते. सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) १९८० च्या दशकात रुळले.

भारतात मारुती सेलेरिओमुळे (२०१४) परिचित झालेली ‘एएमटी’ (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) ही वेगळी जात. तिच्यात हाताच्या गिअरची साधी पेटीच असते. क्लच दाबणे व गिअर टाकणे एवढे काम यंत्र करते. क्लच एकच असल्याने बदलताना ओढ तुटते व डोके पुढे झुकते. सरावलेले चालक त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करतात.