पाणी पिताना ठसका लागतो? मोठा व्हॉल्व्ह मागवण्याआधी हे वाचा

“व्हॉल्व्ह गळतोय, एक साइझ मोठा पाठवून द्या,” असे फोन आम्हाला सतत येतात. हा व्हॉल्व्ह म्हणजे स्वरयंत्र काढलेल्यांना बोलता यावं म्हणून बसवलेली छोटी झडप. नुसत्या फोनवर आम्ही साइझ बदलून देत नाही, म्हणून काही ग्राहक नाराजही होतात. त्यामागचं कारण सांगतो.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिका आणि अन्ननलिका वेगळ्या होतात. दोन्हींच्या मधल्या भिंतीत केलेल्या छिद्रात हा व्हॉल्व्ह बसतो. त्यामुळे पाणी श्वासनलिकेत उतरतं ते बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या मधून, नाहीतर कडेने. ठसका दोन्हींत सारखाच, उपाय मात्र निराळा.

आधी ब्रशने व्हॉल्व्ह साफ करा. मग आरशासमोर बसून स्टोमात, म्हणजे गळ्यावरच्या श्वासाच्या छिद्रात, टॉर्चचा उजेड पाडा आणि खायचा निळा रंग घातलेल्या पाण्याचा लहानसा घोट घ्या. घरातलं कोणी बघायला असेल तर उत्तम. निळा थेंब मधोमध दिसतो की कडेला, एवढंच नीट पाहायचं.

मधून येत असेल तर अन्नाचा कण किंवा बुरशीचा थर झडप बंद होऊ देत नाही. साफ करूनही गळत असेल तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली. तोपर्यंत खातापिताना प्लग लावता येतो. प्लग असताना बोलता मात्र येणार नाही.

कडेने येत असेल तर प्लगचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरली की मधली भिंत पातळ होते, जुना व्हॉल्व्ह लांब पडतो, मागे-पुढे सरकतो आणि छिद्र सैल करतो. अशा वेळी बहुधा आखूड व्हॉल्व्ह लागतो. तुम्ही मागता मोठा! म्हणूनच डॉक्टरांनी किंवा स्पीच थेरपिस्टनी नव्याने घेतलेलं माप आम्ही मागतो. त्यात वेळ जातो खरा, पण चुकीच्या साइझने छिद्र आणखी सैल होण्यापेक्षा ते बरं. तुमच्या व्हॉल्व्हला बसणारे ब्रश आणि प्लग आमच्याकडे तयार असतात. फोन करताना कार्डावरचं मॉडेल आणि साइझ सांगा.

ठसका न लागता घास अडकत असेल, तर बहुधा दोष व्हॉल्व्हचा नसतो. रेडिएशननंतर अन्ननलिका अरुंद होऊ शकते, तोंड कोरडं पडतं. हा त्रास नव्याने सुरू झाला, वाढत गेला किंवा वजन उतरू लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

व्हॉल्व्ह निघाला आणि सापडत नसेल, तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा. व्हॉल्व्हचं छिद्र लवकर बुजतं. त्यात कॅथेटर (बारीक नळी) घालायला तुम्हाला शिकवलं असेल, तर तो घालूनच निघा.