तपासणीला येण्याआधी: सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय

तपासणी पुन्हा करावी लागते तेव्हा बऱ्याचदा यंत्राचा काही दोष नसतो. पोट रिकामे नव्हते, येतानाच लघवी करून झाली, स्कॅन चालू असताना पाय हलला, अशीच कारणे निघतात. ती टाळता यावीत आणि आत गेल्यावर काय होईल हे आधीच ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक. येण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचा.

सोनोग्राफी

पोटाच्या सोनोग्राफीसाठी 6 ते 8 तास उपाशी राहावे लागते. खाल्ले की पित्ताशय आकसते आणि आतले खडे किंवा भिंतीची सूज नीट दिसत नाही. दूध घातलेला चहासुद्धा नको, कारण दुधातल्या स्निग्धांशाचाही हाच परिणाम होतो. साधे पाणी चालते. रक्तदाबाची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या, ती चुकवू नका. मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा. आम्ही सकाळची पहिली वेळ देतो. इन्सुलिनचे काय करायचे ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

ओटीपोटाच्या तपासणीत मूत्राशय भरलेले लागते. भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि त्यातून ध्वनिलहरी सहज पार जातात, म्हणून मागचे गर्भाशय किंवा प्रोस्टेट स्पष्ट दिसते. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी 4 ते 5 ग्लास पाणी पिऊन संपवा. असह्य होईपर्यंत मात्र थांबू नका. मूत्राशय फार ताणले गेले तर किडनी सुजल्यासारखी दिसू शकते. कळ आवरत नसेल तर लगेच सांगा, संकोच करू नका.

एक्स-रे

याला तयारी जवळजवळ नाही. गळ्यातले, कानातले काढा आणि छातीचा एक्स-रे असेल तर जाड वेणी वर बांधा, कारण तिची सावली फुफ्फुसावर पडते. "श्वास भरून धरा" असे सांगितले की खरोखर पूर्ण भरा. अर्धवट श्वासात काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठे आणि फुफ्फुसांचा खालचा भाग दाटलेला दिसतो.

किरणोत्साराची भीती अनेकांना वाटते. छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.1 मिलिसीव्हर्ट (किरणोत्सार मोजण्याचे एकक) मात्रा मिळते. निसर्गातून तेवढी मात्रा सुमारे दोन आठवड्यांत प्रत्येकाला मिळतच असते. पोटाच्या सीटीत ती 8 मिलिसीव्हर्टच्या आसपास जाते. म्हणूनच सीटी कारणाशिवाय करू नये, आणि कारण असेल तेव्हा भीतीपोटी टाळूही नये. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. गर्भ राहिल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे किंवा सीटीच्या खोलीत जाण्याआधी सांगा.

सीटी आणि कॉन्ट्रास्ट

सीटीचे स्कॅनिंग काही सेकंदांत होते. वेळ लागतो तो तयारीला. रक्तवाहिन्या, गाठी किंवा सूज पाहायची असेल तर हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे हे भाग प्रतिमेत उठून दिसावेत यासाठीचे औषध, देतात. औषध आत जाताच अंगभर उष्णता पसरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती झालेली नसते, आणि हे सारे एक-दोन मिनिटांत ओसरते. सुईच्या जागी आग झाली, सूज आली किंवा हात ताणल्यासारखा वाटला तर मात्र तिथल्या तिथे ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर जात असण्याची ती खूण आहे.

किडनी कमजोर असल्यास कॉन्ट्रास्टचा धोका वाढतो, म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा (किडनीचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा. किडनीचे काम फार कमी असल्यास ही गोळी तपासणीनंतर 48 तास थांबवावी लागते. पूर्वी कॉन्ट्रास्टने पुरळ, दम किंवा चेहऱ्यावर सूज आली असेल तर ही माहिती सर्वात महत्त्वाची. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर कॉन्ट्रास्ट घेता येत नाही, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. त्यासाठी कॉन्ट्रास्ट नाकारण्याची गरज नसते. तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते. म्हणून स्कॅननंतर अर्धा तास आमच्या नजरेसमोर बसा आणि घरी गेल्यावर भरपूर पाणी प्या.

एमआरआय

एमआरआयचे चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असते. त्यामुळे खोलीच्या दारापाशी होणारी चौकशी कितीही कंटाळवाणी वाटली तरी प्रत्येक उत्तर विचार करून द्या. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट यांपैकी काही असेल तर त्याचे कार्ड किंवा ऑपरेशनचे कागद लागतात. मॉडेल पाहिल्याशिवाय आम्ही आत सोडत नाही. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम कधीही केले असेल तर सांगा. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा बारीक कण चुंबकाने सरकून इजा करू शकतो. औषधाच्या काही चिकटपट्ट्यांत धातूचा पापुद्रा असतो, तो तापून त्वचा भाजते. घड्याळ, एटीएम कार्ड, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी सारे बाहेर ठेवा.

तपासणीला साधारण 20 ते 45 मिनिटे लागतात. ठोकल्यासारखा मोठा आवाज येत राहतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतो. प्रतिमांचा प्रत्येक संच काही मिनिटांचा असतो. त्यात एकदा हालचाल झाली तरी तो पूर्ण संच धूसर होतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. खोकला, अंग खाजवणे, कूस बदलणे दोन संचांच्या मधल्या शांततेत उरका. हातात रबरी फुगा असतो. तो दाबला की आम्ही लगेच बोलतो आणि गरज पडल्यास बाहेर काढतो. बंद जागेची धास्ती असेल तर आधीच कळवा. सौम्य औषधाची सोय करता येते, पण मग सोबत कोणीतरी हवे आणि त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही.

रिपोर्ट

प्रतिमा रेडिओलॉजिस्ट, म्हणजे या तपासण्यांचे तज्ज्ञ डॉक्टर, वाचतात. टेक्निशियन स्कॅन करतात, पण निदान सांगणे त्यांचे काम नाही. त्यांना आग्रह करू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुन्या तपासण्या जरूर आणा. फुफ्फुसातली एखादी भरीव बारीक गाठ 2 वर्षे तेवढीच आहे की वाढते आहे, यावर पुढचे उपचार ठरतात आणि ते जुन्या प्रतिमांशी ताडूनच कळते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यासाठी पुरत नाही. सीडी किंवा मूळ फिल्मच आणा.